रिमोट दाबला, तीन दारं उघडली, चौथं नाही

सुरुवात करूया. गाडीच्या सेंट्रल लॉकची, म्हणजे सगळी दारं एकदम लावणाऱ्या-उघडणाऱ्या लॉकची, तक्रार घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो, "सेंट्रल लॉक गेलंय." या वाक्यातून मला काहीच कळत नाही. मी उलट तीन प्रश्न विचारतो. एकच दार की सगळी दारं? फक्त रिमोटने होत नाही की आतल्या बटणानेही होत नाही? आणि दाबल्यावर आवाज येतो का, येत असला तर कसला? या तीन उत्तरांत निम्मं काम होतं आणि तोवर हातात पानासुद्धा घ्यावा लागत नाही. आज मला एवढंच पटवून द्यायचं आहे, की नवा पार्ट मागवण्याआधी दाराजवळ पाच मिनिटं उभं राहायचं आणि कान द्यायचा.

आत काय घडतं ते आधी डोळ्यांपुढे आणा. रिमोटमधून रेडिओ लहर निघते. पुष्कळ देशांत ती ४३३.९२ मेगाहर्ट्झची असते, उत्तर अमेरिका आणि जपानमध्ये ३१५ मेगाहर्ट्झची. या लहरीवर एक सांकेतिक आकडा असतो आणि तो दर वेळी बदलतो, म्हणजे कोणी तो हवेतून टिपून ठेवला तरी पुन्हा वापरता येत नाही. १९८२ मध्ये रेनो फ्युएगो या गाडीला दुरून चालणारा रिमोट आला. आज तो इतका अंगवळणी पडलाय, की किल्ली फिरवून दार उघडायचं असतं हेच आपण विसरलोय. गाडीतला रिसीव्हर तो आकडा ओळखतो, कंट्रोल युनिट प्रत्येक दारातल्या लॉक मोटरला १२ व्होल्टचा एक झटका देतं. बहुतेक गाड्यांत हा झटका सेकंदभरही टिकत नाही. मोटरला वायरी दोनच. प्लस-मायनस उलटं केलं की मोटर उलटी फिरते, एका बाजूने लॉक, दुसऱ्या बाजूने अनलॉक. मोटर प्लास्टिकचे छोटे दाते फिरवते, दाते तरफ हलवतात आणि तरफ लॅचपर्यंत, म्हणजे दार अडकवून धरणाऱ्या यंत्रणेपर्यंत, पोहोचते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. दार धरून ठेवतो तो लॅचमधला आकडा, म्हणजे वाकडा हूक. तो दाराच्या चौकटीच्या खांबावरच्या कडीला मिठी मारून बसतो. लॉक लावलं म्हणजे या आकड्याला आणखी काही होतं असं नाही. बहुतेक गाड्यांत लॉक लावणं म्हणजे हँडल आणि आकडा यांचा संबंध तोडणं, म्हणजे हँडल ओढलं तरी ते आकड्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून 'लॉक होत नाही' आणि 'दार नीट बसत नाही' या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि लोक त्या एकत्र सांगतात.

आता रिमोट की बटण, हा प्रश्न. आतल्या बटणाने चारही दारं लागतात, पण रिमोटने एकही लागत नाही, तर दारांना हात लावू नका. दारं ठणठणीत आहेत. दुसरी किल्ली आणून पाहा. ती चालली तर दोष पहिल्या रिमोटमध्ये. बऱ्याच रिमोटमध्ये सीआर २०३२ सेल असतो, ३ व्होल्टचा. मल्टिमीटरवर ३ व्होल्ट दिसले म्हणून सेल चांगला ठरत नाही. बटण दाबलेलं असताना व्होल्टेज किती खाली येतं ते बघायचं. थकलेला सेल मोकळा असताना ताठ दिसतो, काम सांगितलं की बसतो. रिमोट आधी लांबून चालायचा आणि आता दाराशी आल्यावरच चालतो, ही सेल उतरल्याची पहिली खूण. सेल बदलूनही फरक नसेल तर सेलखालची पत्री वाकलीय का, बटणाखालच्या स्विचचा सोल्डरिंगचा डाग सुटलाय का, ते बघा. कधी किल्ली खिशात दाबली जाऊन रिमोटचा सांकेतिक आकडा गाडीतल्या सांकेतिक आकड्यापेक्षा फार पुढे निघून जातो आणि मग दोघांची पुन्हा ओळख करून द्यावी लागते. त्याची रीत गाडीच्या पुस्तिकेत असते, किंवा सर्व्हिसवाल्याच्या स्कॅनरने करावी लागते. आणि रिमोट मेला तरी साध्या किल्लीची गाडी सुरू होते, कारण इंजिनला ओळख पटवणारी चिप वेगळी असते आणि तिला सेल लागत नाही. त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

रिमोट आणि बटण, दोन्हींनी काहीच होत नसेल तर फ्यूज. यावर जास्त बोलत नाही, मात्र फ्यूज उडालेला मिळाला तर जास्त अँपिअरचा फ्यूज कधीही घालू नका. तो कशामुळे उडाला ते शोधा.

एक तक्रार मात्र फार फसवते. रिमोट दाबला, सगळी दारं खटकन लागली आणि लगेच पुन्हा उघडली. लोक म्हणतात कंट्रोल युनिट खराब. बहुतेक वेळा ते आपलं काम अगदी चोख करत असतं. लॅचमध्ये एक छोटा मायक्रोस्विच असतो, तो युनिटला सांगतो की दार उघडं आहे की बंद, आणि काही गाड्यांत हेही सांगतो की लॉक पूर्ण बसलं की नाही. तो खोटं सांगू लागला की युनिटला वाटतं एक दार उघडं राहिलंय, आणि किल्ली आत अडकू नये म्हणून ते सगळी दारं परत सोडतं. दारं बंद असताना आतला दिवा चालू राहतो का, डॅशबोर्डवर 'दार उघडं' ही खूण दिसते का, ते बघा. दिसली तर गुन्हेगार सापडला.

आता एकाच दाराची गोष्ट. इथे प्रश्न तिसरा, आवाज. दाराच्या पत्र्याला कान लावा आणि दुसऱ्याला बटण दाबायला सांगा. घुर्र असा मोकळा आवाज आला पण खटका हलला नाही, तर प्लास्टिकचे दाते झिजलेत किंवा लॅचकडे जाणाऱ्या दांडीची क्लिप निसटलीय. दबका, अर्धवट ठोका आला तर मोटर जोर लावतेय पण पुढचं सगळं जड झालंय, किंवा मोटरचे ब्रश, म्हणजे तिच्या आत करंट पोहोचवणारे कार्बनचे तुकडे, संपत आलेत. आणि काहीच आवाज नाही, तर मोटरपर्यंत करंट पोहोचतोय का, हा प्रश्न. इथे थोडं थांबणार आहे, कारण इथेच सगळ्यात जास्त चुकीचे पार्ट बदलले जातात.

मीही बदललाय. ड्रायव्हरच्या दाराचं लॉक कधी चालायचं, कधी नाही. मी मोटर काढली, नवी बसवली, चाललं. दोन आठवड्यांनी तेच गृहस्थ परत आले. त्या दिवशी दार अर्धं उघडं धरून बटण दाबत होतो आणि लक्षात आलं, दार एका ठराविक कोनात असलं की लॉक चालतं, थोडं हलवलं की बंद. मोटरचा दोष नव्हताच. मी त्यांच्याकडून नव्या मोटरचे घेतलेले पैसे परत केले. तेव्हापासून दारावर पहिला हात बिजागरीकडे जातो.

बिजागरीच्या बाजूला दार आणि खांब यांच्यामध्ये रबराची घड्या पडलेली नळी असते. दारातल्या सगळ्या वायरी तिच्यातून जातात आणि दार उघडलं-मिटलं की दर वेळी तिथेच वाकतात. अंगठ्याने नळीचं टोक खाचेतून सोडवा, मागे सरकवा. वायरींचा जुडगा दिसेल. वरून सगळं धड दिसतं, हीच तर अडचण. एकेक वायर दोन बोटांत धरून हलकेच ताणा. चांगली वायर ताणली जात नाही, आतलं तांबं तिला धरून असतं. तुटलेली वायर त्या जागी रबरासारखी लांबते, बारीक होते. तिथे कव्हर चिरलं तर तांब्याचे केस तुटून काळपट-हिरवे पडलेले दिसतात, कधी सगळे तुटून एखादाच शिल्लक असतो.

हा उरलेला एक केसच माणसाला चकवतो. मल्टिमीटर लावला तर १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर करंट जवळजवळ घेतच नाही. मोटरला मात्र काही अँपिअर हवे असतात आणि एका केसातून ते जात नाहीत. म्हणून दाराचा पॅड, म्हणजे आतल्या बाजूचं आवरण, काढून मोटरच्या कपलरवर, म्हणजे वायरींच्या जोडावर, दोन्ही पिनांच्या मध्ये बल्बवाला टेस्ट लॅम्प लावा आणि बटण दाबायला सांगा. बल्ब स्वतः करंट ओढतो. लख्ख लुकलुकला तर वायर चांगली, मिणमिणला किंवा पेटलाच नाही तर दोष वायरचा. पण हा लॅम्प फक्त मोटरच्या वायरींवर. पुष्कळ गाड्यांच्या दारात साइड एअरबॅगचा सेन्सर असतो, एअरबॅगच्या वायरी सहसा पिवळ्या असतात. त्यांना लॅम्प लावायचा नाही, आणि दाराचे कपलर सोडवण्याआधी बॅटरी काढायची.

वायर जोडताना तुटलेल्या जागीच डाग देऊ नका. डाग दिलेली तार कडक होते आणि डागाच्या शेजारी पुन्हा तुटते. तेवढ्याच जाडीच्या, बारीक केसांच्या लवचीक वायरचा तुकडा घ्या, एक जोड दाराच्या आत, दुसरा खांबाच्या आत. घडीत सलग वायरच आली पाहिजे. या कामात मी कधीच घाई करत नाही.

बल्ब लख्ख पेटला, तर मग लॅचकडे वळायचं. पॅडच्या मागे चिकटवलेली प्लास्टिकची शीट असते, तिला फाडू नका. काचेवरून दारात उतरलेलं पाणी तीच अडवते, आणि ती नीट न चिकटवल्यामुळे पायाखालचा गालिचा ओला झालेल्या गाड्या मी पाहिल्यात. दाराच्या तळाला पाणी जायची भोकं असतात, ती हाताशी असतानाच मोकळी करून घ्या. लॅचवरचं जुनं ग्रीस धूळ खाऊन डिंकासारखं झालेलं असतं. आधी क्लीनरने धुवा, मग पांढरं लिथियम ग्रीस. पातळ स्प्रे अडकलेलं सोडवायला चांगला, पण तो टिकत नाही. किल्लीच्या भोकात तेल किंवा ग्रीस नको, त्यावर धूळ बसते. तिथे ग्रॅफाइटची पूड.

पॅड लावायच्या आधी दार उघडं ठेवूनच लॉक तपासा. स्क्रू ड्रायव्हरने लॅचचा आकडा मिटवा, दोन खटके ऐकू येतील, पहिला अर्धा आणि दुसरा पूर्ण. मग लॉक, अनलॉक, आतलं हँडल, बाहेरचं हँडल, दहा-बारा वेळा. मध्ये मोटर अचानक गप्प झाली तर घाबरू नका, सलग चालवल्यावर मोटर तापू नये म्हणून बऱ्याच गाड्यांत काही वेळ बंद ठेवण्याची सोय असते. थोडा वेळ जाऊ द्या. आकडा मिटलेला असताना मात्र दार ढकलू नका, लॅच आणि कडी दोन्ही खराब होतात. काच खाली करून ठेवा आणि किल्ली खिशात.

मागचं दार आतून उघडत नाही, एवढीच तक्रार असेल तर सगळ्याच्या आधी दाराच्या कडेचा चाइल्ड लॉक बघा.

शेवटी एक प्रश्न, दार बंद अवस्थेतच अडकलं तर काय? एकाने रिमोट दाबत राहायचा आणि दुसऱ्याने दार बाहेरून तळहाताने आत दाबत हँडल ओढायचं. दाराच्या रबराचा दाब आकड्यावर असतो, तो क्षणभर कमी झाला की अडकलेलं पुष्कळदा सुटतं. त्याने नाही झालं तर आतलं हँडल ओढत तेच करायचं. तरीही नाही, तर सीट मागे सारून बंद दारावरच पॅड काढावा लागतो. स्क्रू हँडलच्या वाटीत आणि आर्मरेस्टच्या झाकणाखाली असतात. खालच्या कडेच्या एखाद-दोन क्लिपा तुटतील, तुटू द्या. आतून दांडी हाताने ओढा. आणि एकदा का ते दार उघडलं, की लॅच दुरुस्त होईपर्यंत परत बंद करू नका.