सात बोटं

नमस्कार श्रोतेहो.

केटलबेल म्हणजे वर मूठ असलेला जड लोखंडी गोळा. केटलबेलच्या स्पर्धेसाठी परदेशी जाते म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: अहो, ते लोखंड विमानातून नेता कसं? नेत नाही. आयोजक देतात. रेडिओवर मागचं पान उलटता येत नाही, म्हणून परत सांगते: केटलबेल न्यायची नसते, ती तिथं मिळते. बहुतेक विमान कंपन्या एका बॅगेला 23 किलोपर्यंत परवानगी देतात आणि हिरवी केटलबेल भरते 24 किलो. एका किलोनं हुकली बिचारी.

हिरवी म्हणाले, कारण स्पर्धेच्या केटलबेल रंगावरून ओळखतात. पिवळी 16 ची, जांभळी 20 ची, हिरवी 24 ची, नारिंगी 28 ची, लाल 32 ची. आकार मात्र सगळ्यांचा एकच. व्यायामशाळेतल्या साध्या केटलबेल वजनाबरोबर फुगत जातात, या फुगत नाहीत. त्यामुळे घरच्या सरावातला हात परक्या मुलुखातही बावरत नाही. फक्त हँडलची जाडी आधी विचारून ठेवा, 33 मिलिमीटर की 35. दोन मिलिमीटरनं काय होतंय, असं वाटेल. दहा मिनिटांच्या खेळात नवव्या मिनिटाला कळतं काय होतंय ते.

न्यायचे ते बूट, पट्टा आणि पकडीसाठी हाताला लावायचा चॉक. बूट हातातल्या बॅगेत ठेवा. मोठी बॅग चुकून भलत्याच गावी गेली तर पट्टा उसना मिळतो, चॉक तर कुणीही देतं, पण आपल्या मापाचा सरावलेला बूट कुणी देत नाही. पुन्हा सांगते, बूट हातातल्या बॅगेत. चॉक मूळ वेष्टनातच असू द्या. पारदर्शक पिशवीत पांढरी पूड घालून सुरक्षा तपासणीला उभं राहायचं आणि वर मॅग्नेशियम कार्बोनेट म्हणजे काय ते समजावत बसायचं, ही हौस कुणाला असेल तर असो. दोन दिवस आधी पोहोचा. रात्रभर विमानात बसून पाय सुजतात, अंगात पाणी साठतं आणि वजनगट ठरवणारा काटा ते सगळं मोजतो. प्रवासाचा विमा काढताना स्पर्धेतली दुखापत त्यात धरली आहे का, ते बारीक अक्षरात वाचा. पुष्कळदा नसते.

आणि ते पाठीवर देशाचं नाव छापलेले ट्रॅकसूट! स्वतःच्या खिशातून तिकीट काढून जाणाऱ्या हौशी माणसानं पाठीवर अख्खा देश कशाला वाहायचा? पाठीला आधीच पुष्कळ काम असतं. असो, हे माझं मत झालं.

आता नियम, अगदी थोडक्यात, कारण पुढची गोष्ट त्यावरच उभी आहे. हा खेळ रशियातला. तिथं केटलबेलला गिर्या म्हणतात. मुळात ती बाजारात धान्य तोलायचं वजन. पूड नावाचं जुनं माप होतं, सुमारे 16 किलो 380 ग्रॅमचं. त्यातूनच आजची 16, 24 आणि 32 किलोची वजनं आली. 1985 साली लिपेत्स्क शहरात सोव्हिएत संघाची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. सुरुवातीला वेळेचं बंधन नव्हतं, दम असेतो उचलत राहायचं. दहा मिनिटांची मर्यादा नंतर आली. मी करते तो प्रकार स्नॅच. एकच केटलबेल पायांमधून झुलवत एका दमात डोक्यावर न्यायची, हात सरळ करून क्षणभर स्थिर धरायची, पुन्हा खाली झुलवायची. खाली ठेवली की खेळ संपला. आणि हात बदलायचा एकदाच. दहा मिनिटांत एकदाच. हे लक्षात ठेवा.

माझ्या पहिल्या परदेशी स्पर्धेला मी एकटीच गेले होते. प्रशिक्षक बरोबर नव्हते, त्यांचं तिकीट मला परवडणारं नव्हतं. सरावात मिनिटं तेच ओरडून सांगत. ‘दोन झाली, तीन झाली.’ मला चष्मा आहे. स्नॅच करताना घामानं तो नाकावरून घसरतो, म्हणून काढून ठेवते. चष्म्याशिवाय समोरचं मोठं घड्याळ म्हणजे लाल धुकं. सभागृहात मिनिटं पुकारत होते, पण त्यांच्या भाषेत, वर संगीताचा दणदणाट.

वॉर्म-अपच्या जागी एक दाढीवाले गृहस्थ भेटले, कुठल्याशा तिसऱ्याच देशाचे. त्यांना माझी भाषा येत नव्हती, मला त्यांची. मी मनगटावर घड्याळ असल्याची खूण केली, बोटं वर करून दाखवली, प्लॅटफॉर्मकडे बोट केलं. ते जोरजोरात मान हलवू लागले. कळलं! माझ्यासमोर, दहा पावलांवर, जमिनीवर मांडी घालून बसले.

डाव्या हातानं सुरुवात केली. कमजोर हात आधी, हा माझा नेम. पाच मिनिटं डावा, मग पाच मिनिटं उजवा. मिनिटाला चौदा. मोजत मी नाही, मोजलं की हात जड होतो, पण ताल अंगात बसलेला असतो. पहिली काही मिनिटं कुणाकडं बघायचंच नाही असं ठरवलं होतं. अंगाला घाम सुटला, श्वास छान लागला, आणि म्हटलं, आता बघू या.

सात बोटं.

सात! माझ्या पोटात गोळा आला. पाचव्याला हात बदलायचा होता, मी तंद्रीत सात मिनिटं डाव्यावरच काढली? पण डावा तर ताजातवाना होता. वाटलं, काय सराव झालाय बाई आपला! पुढच्याच झोक्याला हात बदलला. उजव्यानं, राहिलेल्या तीन मिनिटांसाठी, सुसाट सुटले.

थोड्या वेळानं पाहिलं तर सहा बोटं.

मनात म्हटलं, मगाशी त्यांचं एक बोट जास्त वर झालं असेल. आणखी थोड्या वेळानं पाच. पाचही बोटं ताठ, आणि चेहऱ्यावर केवढं प्रोत्साहन! तेव्हा डोक्यात उजेड पडला. ते गृहस्थ झालेली मिनिटं दाखवतच नव्हते. उरलेली दाखवत होते.

म्हणजे मी तिसऱ्याच मिनिटाला हात बदलला होता. आणि बदलायचा तर एकदाच. डावा हात मोकळा लोंबकळत होता, चांगला तीन-चार मिनिटांचा जीव शिल्लक असलेला, आणि त्याला काडीचं काम देता येत नव्हतं. सगळं उजव्यावर. एका हातानं सात मिनिटं मी सरावातसुद्धा कधी केली नव्हती. स्नॅचमध्ये विश्रांती मिळते ती डोक्यावर, केटलबेल वर स्थिर असताना. तिथं एक श्वास घ्यायचे ते तीन घेऊ लागले. चॉक घामात विरला. बोटं एकेक करून उघडायला लागली, आधी करंगळी, मग तिच्या शेजारची. समोर चार बोटं, तीन, दोन. शेवटी एक बोट दिसलं, आणि मी म्हटलं, एवढं एक. वीसेक सेकंदांनी केटलबेल खाली येताना हातातून निसटली ती मॅटवर धप्प. डाव्याच्या 43, उजव्याच्या 69, एकूण 112. सरावात 140 करून निघाले होते.

ते गृहस्थ धावत आले, पाठ थोपटली, आणि माझ्या डाव्या हाताकडं बोट दाखवून प्रश्नार्थक चेहरा केला. त्यांना खरंच वाटत होतं की ही काहीतरी वेगळी युक्ती असणार. मी कागद आणायला लावला आणि आकडे मांडून दाखवले, एकपासून दहापर्यंत, शेजारी बाण. ते बघत राहिले, बघत राहिले आणि मग दोन्ही हातांनी डोकं धरून मटकन खाली बसले.

दुपारी त्यांची पाळी होती, जर्कची, म्हणजे दोन केटलबेल छातीपासून एकदम डोक्यावर न्यायच्या, त्यांच्या दोन्ही हिरव्या. मिनिटं दाखवायला मीच. कागदावरचा बाण त्यांनी उलटा केला, दहाकडून एककडं. ठरलं, त्यांच्या पद्धतीनं. चष्मा लावून मी समोर बसले. पहिलं मिनिट झालं आणि सवयीनं माझं एकच बोट वर गेलं. दोन्ही केटलबेल डोक्यावर धरलेल्या अवस्थेत त्यांनी ते पाहिलं, आणि त्यांना हसू फुटलं. कोपर हलले. पंच ओरडले, ‘नो काउंट’.