आधी काचपट्टी, मग काढा

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या उन्हाळ्यात उदगीरकडच्या एका खेड्यातून एक आजी त्यांच्या कुत्रीला माझ्याकडं घेऊन आल्या. आल्या आल्या गाऱ्हाणं सुरू. "डॉक्टर, सात वर्सं झाली, हिनं घरात कधी घाण केली नाही. आता तीन दिवस झालं, पडवीतच थेंब थेंब सांडायलीय. सूनबाईनं दोनदा हाणलं बघा तिला." कुत्री बिचारी टेबलाखाली बसून मागची जागा चाटत होती.

हाणू नका हो. शहाणं कुत्रं एकाएकी घरात लघवी करायला लागलं, सारखं बसतंय पण थोडंच होतंय, लालसर होतंय, वास येतोय, तर त्याचं मूत्राशय दुखतंय असं समजा. माद्यांना हा त्रास जास्त. त्यांचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद असतो, त्यामुळं जंतू लवकर वर चढतात.

आजींच्या पिशवीत एक बाटली होती. सराट्याचा काढा. "आमच्या मालकाचा मुतखडा ह्यानंच पडला. हिला किती पाजू?"

सराटा म्हणजे गोखरू. आपल्या पडीक रानात पायाला आणि सायकलच्या ट्यूबला तो चांगला ठाऊक आहे. आयुर्वेदात लघवीच्या विकारांवर त्याला मान आहे, मी त्याची चेष्टा करणार नाही. पण हाच सराटा मेंढ्यांनी फार खाल्ला तर त्यांचं यकृत बिघडतं, तोंड सुजतं, उन्हात कातडी भाजल्यासारखी होते. झाडपाला आहे म्हणून तो निरुपद्रवी असतो असं नाही. शिवाय माझी खरी अडचण वेगळीच होती. काढा कशावर द्यायचा, हेच अजून आम्हा दोघांना माहीत नव्हतं.

कुत्र्यांत मुख्यतः दोन तऱ्हेचे खडे सापडतात. पहिला स्ट्रुव्हाइट, म्हणजे मॅग्नेशियम, अमोनिया आणि फॉस्फेटचा. काही जंतू लघवीतला युरिया फोडतात, त्यातून अमोनिया तयार होतो, लघवीतलं आम्ल कमी होतं आणि खडे धरतात. कुत्र्यांत हा खडा बहुतेक वेळा जंतूंमुळंच होतो. जंतू मारले आणि सोबत खास आहार दिला, की तो काही आठवड्यांत विरघळतो, चाकू लावावा लागत नाही. दुसरा कॅल्शियम ऑक्झलेटचा. हा कोणत्याही औषधानं विरघळत नाही, बाहेरच काढावा लागतो. आणि याला आम्लच मानवतं. आता कुणी मोबाइलवर वाचून पाण्यात व्हिनेगर किंवा लिंबू घालायला लागलं आणि खडा निघाला दुसऱ्या जातीचा, तर? बाहेरून दोन्ही कुत्री सारखीच दिसतात, सारखीच कण्हतात. म्हणून मी हट्ट धरतो, आधी लघवीचा थेंब सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीवर, मग तुमचा काढा.

नमुना कसा धरायचा? स्वयंपाकघरातला जुना डाव काठीला बांधा, गरम पाण्यानं धुऊन कोरडा करा. सकाळी कुत्रं बसलं की हळूच खाली सरकवा. पहिल्या दिवशी ते तुमच्याकडं संशयानं बघेल, दुसऱ्या दिवशी सवय होते. नमुना तासाभरात दवाखान्यात पोचवा. फ्रिजमध्ये ठेवू नका. सूनबाई ओरडतील हे एक कारण झालंच, पण लघवी थंड झाली की तिच्यात आपोआप स्फटिक तयार होतात आणि नसलेला रोग कागदावर दिसतो. एरवीही निरोगी कुत्र्याच्या लघवीत थोडे स्फटिक सापडतात. त्रास काहीच नसेल तर नुसत्या स्फटिकांना घाबरू नका. दुखणं फिरून फिरून येत असेल, तर मात्र कोणता जंतू आहे आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं, हे कल्चर करून, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून, बघावं. साखरही तपासावी. गावच्या दवाखान्यात सोय नसेल तर परभणी आणि उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत.

हल्ली शहरात सर्वांगीण उपचार हा शब्द फार ऐकू येतो. माझ्या लेखी त्याचा अर्थ एवढाच, की कुत्र्याचा अख्खा दिवस बघायचा. तो बघितला की आपल्याकडं दोन गोष्टी हमखास सापडतात.

पहिली पाणी. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते दिवस आपण कुणी विसरलेलो नाही. टंचाईत माणसाचा हात आखडतो, आणि सगळ्यात आधी आटतं ते कुत्र्याचं भांडं. दहा किलोच्या कुत्र्याला साध्या दिवसात अर्धा लिटरच्या वर पाणी लागतं. मे महिन्यात त्याहून कितीतरी जास्त. पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते, आणि घट्ट लघवीत खडा धरायला वेळ लागत नाही. मातीचं पसरट भांडं सावलीत ठेवा, दोन्ही वेळा पाणी बदला. भाकरी कोरडी टाकू नका, पाण्यात चांगली पातळ कालवा. मटणाचं उकड पाणी चालेल, पण बिनकांद्याचं, बिनलसणाचं. कांद्यानं कुत्र्याचं रक्त बिघडतं.

दुसरी साखळी. दारात बांधलेलं इमानी कुत्रं बसल्या जागी घाण करत नाही, बारा-बारा तास कळ काढतं. लघवी तुंबून राहिली की जंतूंचं फावतं. दिवसातून चार वेळा सोडा, रात्री झोपताना एकदा सोडाच.

क्रॅनबेरी या परदेशी आंबट फळाच्या गोळ्यांबद्दल विचारणारे असतात. त्यांनी झालेला संसर्ग बरा होत नाही. साध्या संसर्गाला 3 ते 5 दिवसांची योग्य प्रतिजैविकं बऱ्याचदा पुरतात, फक्त मधेच सोडू नका. आणि घरातली डोकेदुखीची, अंगदुखीची गोळी कुत्र्याला देऊ नका, एवढं माझं ऐका.

नर कुत्र्याची लघवीच अडली असेल तर मात्र काढा, काचपट्टी सगळं बाजूला. नराचा मूत्रमार्ग शिश्नातल्या हाडाजवळ अरुंद होतो, खडा नेमका तिथं अडकतो. कुत्रा कुंथतोय, थेंबही येत नाही, पोट ताठ, उलट्या होतायत, तर रात्र असो, पाऊस असो, गाडी काढा. तुंबलेल्या लघवीतलं विष रक्तात चढतं, पोटॅशियम वाढून हृदय थांबतं. सकाळची वाट बघू नका.

आजींच्या कुत्रीला स्ट्रुव्हाइट निघाला, एक्स-रेत बोराच्या बीएवढा खडा. गोळ्या दिल्या, खास आहार लिहून दिला आणि बजावलं, याशिवाय तोंडात काही जाता कामा नये. महिन्यानं पुन्हा एक्स-रे काढला तर खडा आहे तेवढाच. मी कपाळाला हात लावला. खोदून विचारलं तेव्हा सोबत आलेला नातू खाली मान घालून म्हणाला, "शाळेतून आलो की मी तिला अर्धा पुडा बिस्किटं देतो."

तो पुडा बंद झाला. दुसऱ्या महिन्याच्या एक्स-रेत खडा नव्हता. आजींनी ती फिल्म मागून घेतली, पदरानं पुसली आणि काढ्याच्या बाटलीशेजारी पिशवीत सरकवली. म्हणाल्या, "सूनबाईला दावते."