हलक्या बंदुकीचं काडतूस

(दृश्य: लाकडी बाकावर दोन शॉटगन शेजारी शेजारी. एक हात आधी एक उचलतो, मग दुसरी.)

हलकी बंदूक हातात घेतली की आवडतेच. नळ्या बारीक, सांगाडा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, वजन जेमतेम २.७ किलो. दिवसभर वागवली तरी हात भरून येत नाहीत, आणि खांद्याला लावायला क्षणही लागत नाही. म्हणून लोक ती घेतात. मग जुन्या ३.६ किलोच्या बंदुकीत जी काडतुसं भरत होते, तीच हिच्यातही भरतात.

हिशेब बिघडतो तो इथे.

छर्रे जेवढ्या जोराने पुढे जातात, तेवढ्याच जोराने बंदूक मागे येते. तो जोर अडवायला बंदुकीचं वजन हाच पहिला आधार. काडतूस तेच ठेवून ३.६ किलोच्या जागी २.७ किलोची बंदूक धरली, की खांद्यावर येणाऱ्या धक्क्याची ऊर्जा एक तृतीयांशाने वाढते. त्यात काडतूसही जड घेतलं, २८ ग्रॅम छऱ्यांच्या जागी त्याच वेगाचं ३६ ग्रॅमचं, तर ती आणखी दीडपटीहून जास्त होते. म्हणजे बंदूक हलकी आणि काडतूस भारी, अशी जोडी जमवली की जुन्या सवयीच्या दुप्पट मार खांदा खातो. आणि तो एकटाच खात नाही. गालफडही खातं.

(दृश्य: नेमबाजीचं मैदान. एक नेमबाज, शेजारी तिचा सोबती. बंदूक सोबती भरून देतो.)

खांद्यावरचा निळा डाग चार दिवसांत जातो. धक्क्याची भीती मनात बसली की ती मात्र महिनोन्महिने निघत नाही. ती बसली आहे का, हे बघायची एक जुनी, साधी रीत आहे. सोबत्याने बंदूक भरून द्यायची. कधी खरं काडतूस, कधी पोकळ, नुसतं सरावाचं. नेमबाजाने आत बघायचं नाही. बघा आता. तिने चाप ओढला, आणि आतून नुसता ‘टक्’ असा आवाज आला. बार झालाच नाही, तरीही नळीचं तोंड चार बोटं खाली गेलं, खांदा पुढे आला, आणि डोळे मिटले. न आलेल्या धक्क्याला शरीराने आधीच उत्तर देऊन टाकलं. हे ज्याचं होतं त्याला सहसा कळतही नाही; तो चोक (नळीच्या तोंडाशी असलेली आवळ) बदलत बसतो, दस्ता बदलतो, चष्मा बदलतो.

आपलं काडतूस आपल्या बंदुकीला भारी आहे, याची इतकी स्पष्ट खूण दुसरी नाही.

मग किती ग्रॅमचं घ्यावं? इंग्लंडच्या जुन्या बंदूककारांचा एक ठोकताळा आहे. बर्मिंगहॅमचे विल्यम वेलिंग्टन ग्रीनर यांच्या नावाशी तो जोडला जातो. बंदुकीचं वजन छऱ्यांच्या वजनाच्या निदान ९६ पट असावं. सहा पौंडांच्या बंदुकीला एक औंस छर्रे, असा तो त्यांच्या मापात अगदी चोख बसतो. आपल्या मापात २.७ किलोच्या बंदुकीला २८ ग्रॅम, २.५ किलोच्या बंदुकीला २६, आणि २.३ किलोच्या बंदुकीला २४. हा काही निसर्गनियम नव्हे. दस्ता अंगाला बेतलेला असेल आणि मागे चांगली रबरी गादी असेल, तर माणूस थोडं जास्तही सोसतो. पण ही मर्यादा मी वरची मानतो. रोजच्या सरावासाठी तिच्याही दोन-चार ग्रॅम खाली राहावं.

इथे हमखास प्रश्न येतो: इतक्या कमी छऱ्यांत भागेल का?

(दृश्य: एक काडतूस कापून उघडलेलं. पांढऱ्या ताटलीत छर्रे ओतले जातात.)

हे २४ ग्रॅमचं काडतूस. तळाशी टोपी, तिच्यावर दारू, मग वॅड, म्हणजे दारू आणि छर्रे यांच्यामधला बोळा, आणि वॅडच्या वाटीत छर्रे. प्रत्येक छर्रा २.४ मिलिमीटरचा. ताटलीत मोजले तर साधारण ३०० भरतात. २८ ग्रॅमच्या काडतुसात साडेतीनशेच्या आसपास. ऑलिंपिकच्या ट्रॅप आणि स्कीट या दोन्ही प्रकारांत २४ ग्रॅमचीच मर्यादा आहे, आणि ११० मिलिमीटर व्यासाच्या, ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने निघणाऱ्या तबकड्या जगातले उत्तम नेमबाज याच तीनशे छऱ्यांनी फोडतात. त्यांच्या बंदुका तर बहुधा साडेतीन किलोच्या पुढच्या असतात. वजन असूनही ते हलकं काडतूस वापरतात. तेव्हा हलक्या बंदुकीच्या धन्याने ३६ ग्रॅमचा हट्ट का धरावा, हे मला खरंच कळत नाही.

वेगाचंही तसंच. डब्यावर मोठ्या अक्षरांत वेग छापलेला असतो, आणि मोठा आकडा बघून हात तिकडे जातो. सेकंदाला ४०० मीटरच्या जागी ४३० मीटर घेतले, तर धक्क्याची ऊर्जा पंधरा टक्क्यांच्या घरात वाढते. लहान गोल छर्रा मात्र हवेत फार लवकर मंदावतो. तबकडीशी पोचेपर्यंत त्या जादा वेगातला बराचसा हवेतच विरलेला असतो. खांद्याने किंमत पूर्ण मोजायची आणि पदरात थोडंच पडायचं, असा तो सौदा आहे. पितळी बूड उंच असलं म्हणजे काडतूस जोरकस, हा समजही सोडून द्यावा. डब्यावरचे ग्रॅम आणि वेग वाचावेत.

(दृश्य: नळीच्या मागच्या टोकाचा अगदी जवळून घेतलेला भाग. ठशांवरून बोट फिरतं.)

आता जरा जवळ या. हे कळलंच पाहिजे, कारण इथे खांद्याचा नाही, जिवाचा प्रश्न आहे.

नळीच्या मागच्या टोकापाशी, बहुधा खालच्या अंगाला, चेंबरची, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेची, लांबी कोरलेली असते. ६५, ७०, ७६ मिलिमीटर. जुन्या हलक्या बंदुका पुष्कळदा ६५ च्या असतात. काडतुसावर लिहिलेली लांबी ही बार झाल्यानंतरची, तोंड उघडल्यावरची लांबी असते. या काडतुसाचं तोंड बघा: सहा पाकळ्या आत दुमडल्या आहेत. या दुमडीमुळे ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये अलगद जाऊन बसतं. बंदूक बिनतक्रार मिटते. बार होताना पाकळ्या उघडतात, आणि त्यांना जागा उरत नाही. चेंबरपुढे नळी जिथे निमुळती होते तिथे त्या छऱ्यांची वाट आवळतात, आणि दाब वाढतो. ‘बसतंय ना, मग चालेल’ हे बंदुकीच्या बाबतीत कधीही म्हणू नये.

दुसरा धोका याहून वाईट. बोअर म्हणजे नळीच्या जाडीचं माप; आकडा जितका मोठा, तितकी नळी बारीक. २० बोअरचं काडतूस १२ बोअरच्या चेंबरमधून सरकून पुढे नळीत अडकतं. चेंबर रिकामं दिसतं. माणूस मागून १२ चं काडतूस भरतो, चाप ओढतो, आणि नळी फुटते, त्याच्या डाव्या हाताच्या जागीच. २० बोअरची काडतुसं पिवळ्या रंगाची करतात ती याचसाठी. ज्याच्याकडे दोन्ही बंदुका आहेत, त्याने दोन्ही काडतुसं एका खिशात ठेवू नयेत. आणि एखादा बार फुसका वाटला, आवाज दबका आला, तर तिथेच थांबून, बंदूक रिकामी करून नळीतून आरपार बघावं. वॅड आत राहिलेलं असू शकतं.

स्वयंचलित बंदुकीची गोष्ट थोडी वेगळी. जी धक्क्याच्याच जोरावर पुढचं काडतूस वर घेते, ती फार हलक्या काडतुसाला अडखळू शकते. तिथे कमीत कमी किती ग्रॅमवर ती न अडता चालते, हे भरून बघण्याला पर्याय नाही.

शिशाऐवजी पोलादी छर्रे वापरायचे असतील तर सावकाश. पाणथळ जागी शिसं पाण्यात राहतं, पक्षी ते खड्यांसोबत गिळतात. म्हणून डेन्मार्कने १९९६ मध्येच त्यावर बंदी घातली. बंदी योग्यच आहे. पण पोलाद शिशापेक्षा हलकं आणि फार कठीण. तेवढाच मारा हवा तर छर्रा मोठा लागतो, वेग जास्त लागतो, आणि जुन्या पातळ नळीला, घट्ट चोकला ते मानवत नाही. अशा बंदुकीला बिस्मथ बरं. ते शिशाच्या जवळपास जड आणि मऊ आहे.

(दृश्य: मोकळं मैदान. चौकटीला ताणलेला मोठा पांढरा कागद.)

शेवटची परीक्षा कागदावर. ३५ मीटरवरून मधल्या खुणेवर एक बार. मग छर्रे जिथे दाट पडले, तिथे ७५ सेंटिमीटरचं वर्तुळ काढायचं आणि आतली भोकं मोजायची. एक कागद पुरत नाही. निदान पाच हवेत. एकाच वजनाची, एकाच वेगाची दोन काडतुसं एकाच नळीतून किती निराळी पसरतात, हे इथेच दिसतं: एकाचा घोस सारखा, दुसऱ्याच्या मधोमध तळहाताएवढी मोकळी जागा.

कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहायचं: चोक, ग्रॅम, छऱ्याचं माप, अंतर. मग गुंडाळी करून ठेवायची. काडतूस बदललं की नवा कागद ताणायचा.