मुंबई ते नागपूर: दीड तासाचा हिशेब

नमस्कार श्रोतेहो.

माझी मावशी नागपूरला धंतोलीत राहते. मी येणार म्हटलं की तिचा एकच प्रश्न, 'विमान किती वेळात पोचतं रे?' मी तिकीट बघून सांगतो, 'दीड तास.' आणि दरवेळी तिचा भात गार होतो.

नकाशावर पट्टी ठेवून मोजलं, तर ही दोन शहरं सुमारे ६८० किलोमीटरवर आहेत. रेल्वेने तेच अंतर ८३७ भरतं. गाडीला कसाऱ्याचा घाट चढून मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा असं करत जावं लागतं ना! समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, पण तो सुरू होतो भिवंडीजवळच्या आमणे गावापासून. तिथवर पोचायचं कसं, हे ठाणेकरांना मी काय सांगू?

आता विमान. जेट विमान ताशी साधारण ८०० किलोमीटरने जातं. म्हणजे पन्नास-बावन्न मिनिटं. चढणं-उतरणं धरा, तास-सव्वा तास. मग तिकिटावर दीड तास कसा? तर ती वेळ नुसती हवेतली नसते. इथे विमान जागेवरून हललं, तेव्हापासून तिकडे जाऊन उभं राहीपर्यंतची असते. आणि आपल्या मुंबईत धावपट्ट्या दोन असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरतात. म्हणून उडायलाही रांग आणि उतरायलाही. परतताना खाली घाटकोपरची घरं दिसायला लागली की समजायचं, आपला नंबर लागला.

वाऱ्याचंही एक गणित आहे. हिवाळ्यात तिथे वर, तीस-पस्तीस हजार फुटांवर, पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो. समजा तो ताशी शंभर किलोमीटरचा आहे. मग नागपूरला जाताना पाठीत जोर आणि येताना छातीवर. फरक दहा-बारा मिनिटांचा पडतो. पावसाळ्यात उलटं. त्या उंचीवर वारा पूर्वेकडून येतो, म्हणजे जुलैत मुंबईला परतणाऱ्याचा फायदा. अर्थात, तो फायदा मुंबईच्या पावसात घिरट्या घालण्यात जातो, ते सोडा.

नागपूर देशाच्या मध्यावर आहे, याचा सगळ्यात सुंदर उपयोग टपाल खात्याने केला. १९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास, चारही शहरांतून रात्री विमानं निघायची आणि मध्यरात्री नागपूरला भेटायची. तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची, आणि विमानं आपापल्या गावी परत. त्या डाकोटा विमानांचा वेग ताशी पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर. मुंबईहून अडीच तास तरी लागत असणार. पण मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र रातोरात कलकत्त्याच्या वाटेला लागायचं!

आणि आज मी? अकराच्या विमानासाठी डोंबिवलीहून सव्वासातला निघतो. घाटकोपरला लोकल सोडायची, मेट्रो धरायची, मरोळ नाक्याला दुसरी मेट्रो. मग तपासणीची रांग. नागपूरला सामानाचा पट्टा, तिथून रिक्षा. घरून निघाल्यापासून धंतोलीच्या दारात पोचेपर्यंत सहा तास, त्यातला हवेतला जेमतेम सव्वा.

म्हणून परवा मावशीने विचारलं, तेव्हा मी मिनिटं सांगितलीच नाहीत. म्हटलं, 'मावशी, एक वाजता भाताला आधण ठेव.'