पाऊस नाही तिथे गंज कसला?

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो,

पत्रिकेवर विषय छापलाय ‘अंतराळयानाचं मॉडेल : जोडणी, रंगकाम आणि वेदरिंग’. वेदरिंग म्हणजे नवं मॉडेल मुद्दाम जुनं, वापरलेलं दिसेल असं करणं. मला चाळीस मिनिटं दिली होती, त्यातली पंधरा माझ्या परिचयात गेली. परिचय चांगलाच करून दिला, तक्रार नाही. पण जोडणी आता दोन वाक्यांत उरकतो. भाग चौकटीतून कापायचे, कापलेली जागा पॉलिश पेपरने घासायची, आणि गोंद बेताचा लावायचा. कारण हा गोंद चिकटवत नाही, प्लॅस्टिकच विरघळवून दोन भाग एकजीव करतो. जास्त झाला की यानाचं श्रीखंड. झाली जोडणी.

रंगकामाचं एकच दुखणं सांगतो. ‘खोलीच्या तापमानाला रंगवावे’ असं डबीवर लिहिणारा माणूस मे महिन्यात जळगावला आलेला नसणार. पंचेचाळीस अंशांत एअरब्रशमधून निघालेला रंग मॉडेलपर्यंत पोचायच्या आधीच हवेत वाळतो आणि अंगावर रवा पडावा तसा पडतो. बरं, कूलर लावावा, तर दमट हवेत लॅकर पांढरं पडतं. म्हणून मी पहाटे पाचला गच्चीवर रंगवतो. शेजाऱ्यांना वाटतं मी व्यायाम करतो. तो गैरसमज मी दूर केलेला नाही. (हशा)

आता मूळ मुद्दा. डाग.

पडद्यावरची यानं पूर्वी बहुतेक चकचकीत असायची. १९७७ साली ‘स्टार वॉर्स’ आला, त्याच्या कारागिरांनी रणगाड्यांच्या आणि विमानांच्या किटमधले भाग यानांवर चिकटवले आणि वरून ती मळवली. तेव्हापासून आमची जमात नवंकोरं यान घेऊन ते जुनं करत बसते. मीही बसलो. १:७२ प्रमाणातलं एक मालवाहू यान, दोन महिने. प्रत्येक रिव्हेटखाली तांबड्या गंजाचा ओघळ. इतका खूश होतो की डबा घेऊन अजिंठा चौफुलीकडे आमच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्या मिस्त्रीकडे गेलो. गडी पारोळ्याकडचा, आयुष्य ट्रक आणि ट्रॉल्यांखाली गेलेलं. म्हटलं, हा तरी कौतुक करेल.

त्याने हात पुसले, यान उलटं केलं आणि विचारलं, “हाई गाडी चालस का उभीच ऱ्हास?”

मी म्हटलं, चालते. मग म्हणाला, डिझेल भरायचं तोंड कुठंय? मी दाखवलं. त्याच्याखाली एकही ओघळ नव्हता! सगळ्या यानाला गंज, आणि जिथे रोज सांडणार तिथे मात्र स्वच्छ. मग चढायच्या दाराची कडी बघितली. तीही गंजलेली. “रोज हात लागस, मंग ती चकाकाले नको का?” मी गप्प. आणि शेवटी त्याने विचारलं, “तठे पानी पडस का?”

म्हटलं, नाही. तिथे हवाच नाही.

“मंग हाऊ गंज कसाना?”

दोन महिने, मित्रहो! वर त्याने मला मागे नेऊन दोन ट्रॉल्या दाखवल्या. उभ्या ट्रॉलीचा गंज तळाशी, पाचोळा साचून पाणी धरतं तिथे. चालत्या ट्रॉलीचा रंग फाळक्यावर घासून गेलेला, चिखल मागच्या चाकाच्या वर. प्रत्येक डागाला कारण होतं. माझ्या डागांना फक्त हौस होती.

घरी येऊन वाचायला लागलो. खऱ्या यानात अ‍ॅल्युमिनियम भरपूर असतं, त्यावर तांबडा गंज चढतच नाही. मग तिथे होतं काय? १९८३ साली चॅलेंजर शटलच्या खिडकीला खड्डा पडला. कशाने? उडत्या रंगाच्या टवक्याने, मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढ्या! आपण इथे स्पंजने टवके रंगवतो, आणि तिथे टवका काचेला खड्डा पाडतो. १९८४ साली बसएवढा एक उपग्रह मुद्दाम, वाळवणासारखा कक्षेत ठेवला आणि १९९० साली परत आणला. त्यावर हजारो बारीक खड्डे होते, जाण्याच्या दिशेला जास्त. म्हणजे यानालाही पुढची आणि मागची बाजू असते, मिस्त्री म्हणतो तशी. आणि अपोलोच्या कुप्या परत यायच्या तेव्हा त्यांची उष्णतारोधक ढाल जळून कोळपलेली असायची. तो रंग मला कुठल्याही बाटलीत मिळाला नाही. पऱ्हाट्यांवर भाजलेल्या भरताच्या वांग्याची साल समोर ठेवली आणि जुळवला. साल रंगाला, वांगं भाकरीला, काही वाया गेलं नाही.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, ज्यासाठी तुम्ही आलात ते आता पळत पळत.

प्रायमर, मूळ रंग, त्यावर चकचकीत वार्निश, मग डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील अक्षरं-चिन्हं. नंतर पातळ गडद इनॅमल पत्र्यांच्या जोडाच्या रेघांमध्ये सोडायचं, जादाचं पुसायचं. चकचकीत थर असेल तर ते रेघेतच पळतं, नाहीतर सगळीकडे पसरतं. टवक्यांसाठी खाली धातूचा रंग, वर केसांचा स्प्रे, त्यावर अ‍ॅक्रिलिक. मग ओल्या ब्रशने घासलं की वरचा रंग सुटतो. टवका बारीक ठेवा. १:७२ ला एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या यानावर सात सेंटिमीटर. शेवटी मॅट वार्निश आणि कोरडी भुकटी. चंद्रावरच्या धुळीसाठी मी दीपनगरच्या वीजकेंद्राची राख चाळून वापरतो.

आणि एक. दाबून बसवलेल्या सांध्यावर, उघड्या प्लॅस्टिकवर इनॅमलचा थिनर कधी सोडू नका. ताणलेलं प्लॅस्टिक तडकतं. मला हे रात्री अकराला कळलं, ‘कट्’ असा आवाज आला तेव्हा.

थांबतो. यान मागच्या टेबलावर आहे, गंज सगळा काढलाय. जवळून बघा, हात लावा. फक्त डाव्या पंखाला धरू नका, आवाज त्याचाच होता.