मेट्रोतल्या काचचित्राचा चित्रकार

नमस्कार मंडळी!

प्लास-दे-झार मेट्रो स्टेशनवरून आपण सगळेच ये-जा करतो. तिथलं रंगीत काचांचं ते भलंमोठं चित्र किती जणांनी थांबून पाहिलंय? मॉन्ट्रियलच्या संगीताचा इतिहास आहे त्यात. 'ओ कॅनडा' या कॅनडाच्या राष्ट्रगीताला चाल लावणारे कालिक्सा लावाले तिथं भेटतात. १९६७ सालचं हे काम फ्रेदेरिक बाक यांचं.

बाकही आपल्यासारखेच बाहेरून आलेले. जन्म १९२४चा, चित्रकला शिकले फ्रान्समधल्या रेनला. क्युबेकच्या एका शिक्षिकेशी पत्रमैत्री जुळली, १९४८मध्ये तिला भेटायला आले आणि लग्न करून इथलेच झाले. (काही जण गालात हसताहेत, नावं घेत नाही!) १९५२मध्ये रेडिओ-कॅनडा या रेडिओ-टीव्ही संस्थेत चित्रं काढायच्या नोकरीला लागले. अ‍ॅनिमेशनपटांकडे वळले ते चाळिशी उलटल्यावर.

वळले म्हणजे चित्रकला सोडली असं मात्र नाही. खरखरीत, अर्धपारदर्शक फिल्मवर रंगीत पेन्सिलीनं ते एकेक चित्र काढत. पेन्सिलीचा दाणा पडद्यावर तसाच दिसतो. एक चित्र विरतानाच दुसरं उमटतं, त्यामुळे सगळं सतत थरथरतं, जिवंत वाटतं. झाडं लावणाऱ्या मेंढपाळावरचा त्यांचा १९८७चा लघुपट जेमतेम अर्ध्या तासाचा; पण त्याला सुमारे वीस हजार चित्रं आणि पाचेक वर्षं लागली. मदतीला मुख्यतः एकच सहायक, लिना गान्यों. चित्रं पक्की करायच्या फवाऱ्यानं बाक यांच्या एका डोळ्याची दृष्टी गेली, तरी हात थांबला नाही. मोठा स्टुडिओ हाताशी असता तर काम लवकर उरकलं असतं, पण त्यात हा हात दिसला नसता, असं मला वाटतं.

त्या लघुपटाला ऑस्कर मिळालं. त्याआधी १९८१च्या 'क्राक!'लाही मिळालं होतं, आणि माझा जीव या 'क्राक!'वरच जास्त आहे. एका झुलत्या खुर्चीची गोष्ट: झाड तोडून ती घडवली जाते, घरातली पोरं तिच्यावर वाढतात, मग ती कचऱ्यात जाते. संग्रहालयाचा एक रखवालदार तिला उचलून आणतो, आणि आधुनिक चित्रांच्या दालनात मुलं चित्रं सोडून तिच्यावरच चढतात!

जेवणानंतर 'क्राक!' दाखवणार आहोत, पंधरा मिनिटांचा आहे. संवाद नाहीत, तेव्हा फ्रेंच येत नाही ही सबब चालणार नाही.