परदेशी विद्यार्थ्याचा एक विषय सुटतो तेव्हा

नमस्कार. समोर बसलेली मंडळी महाविद्यालयांच्या परदेशी विद्यार्थी कक्षांत रोज काम करणारी आहेत, त्यामुळे प्रास्ताविक बाजूला ठेवते आणि एका उदाहरणापासूनच सुरुवात करते.

अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पदवीचं शिक्षण घेणारी मुलगी आहे असं समजा. सत्राला बारा क्रेडिट, म्हणजे तीन-तीनचे चार विषय. पाचव्या आठवड्यापासून तिची झोप उडालीय, एका विषयाची चाचणी पार हातची गेलीय. गुरुवारी संध्याकाळी ती पोर्टल उघडते, विषय सोडण्याच्या बटणावर टिचकी मारते आणि विषय सुटतो. मुदत शिल्लक होती, त्यामुळे पोर्टलने हरकत घेतली नाही. पण व्हिसाच्या नियमाप्रमाणे पदवीच्या विद्यार्थ्याला सत्रात किमान बारा क्रेडिट लागतात. ती नऊवर आली, परवानगी घेतलेली नव्हती, आणि तिचं स्टेटस, म्हणजे व्हिसाच्या अटी पाळून तिथे राहण्याचा कायदेशीर दर्जा, मोडलं.

हीच मुलगी एक दिवस आधी कक्षात आली असती तर नियुक्त अधिकाऱ्याने, ज्याला तिकडे डीएसओ म्हणतात, सेव्हिस या सरकारी प्रणालीत कमी क्रेडिटची परवानगी आधी नोंदवली असती. आजारपणाच्या कारणासाठी ही सवलत पदवीच्या एका पातळीवर एकूण बारा महिन्यांपर्यंत मिळू शकते. त्यासाठी डॉक्टरचं किंवा परवानाधारक क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पत्र लागतं, आणि दर सत्राला ते नव्याने द्यावं लागतं. इथे आणखी एक खाच आहे. मुलगी कॅम्पसवरच्या समुपदेशकाकडे नियमित जात असते, समुपदेशक मनापासून पत्र लिहून देतो, पण ते पत्र पुरत नाही. हे कळेपर्यंत आठवडा गेलेला असतो. स्टेटस गेल्यावर ते परत मिळवण्याचा अर्ज असतो, पण तो साधारणपणे पाच महिन्यांच्या आत करायचा, कारण पटवून द्यायचं, शुल्क भरायचं आणि निकालाची वाट पाहायची. तो नामंजूरही होऊ शकतो.

या गोष्टीत कोणीच हलगर्जीपणा केलेला नाही, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. विषय-सल्लागाराने सांगितलं, झेपत नसेल तर एक विषय सोड. समुपदेशकाने सांगितलं, ताण कमी कर. दोन्ही सल्ले योग्यच होते. आपण व्हिसा, फी, अभ्यास आणि मन यांच्या चार खिडक्या केल्या आहेत. विद्यार्थ्याच्या आयुष्यात मात्र त्या चारांची एकच गाठ असते, आणि कोणतंही एक टोक ओढलं की बाकीची तीन आवळतात. म्हणून पहिलं काम अगदी साधं: पोर्टलला कुलूप घाला. व्हिसावर असलेल्या विद्यार्थ्याचे क्रेडिट किमान मर्यादेखाली जात असतील तर ती विनंती आपोआप कक्षाकडे वळली पाहिजे आणि कामाच्या एका दिवसात त्याला फोन गेला पाहिजे. संगणक विभागाला हे काम मोठं नाही. कोणीतरी ते मागावं लागतं, इतकंच.

आता आगमनाकडे येऊ. स्वेरे लिसगार्ड या नॉर्वेजियन समाजशास्त्रज्ञाने १९५५ साली परदेशात राहून आलेल्यांच्या मुलाखतींवरून एक वक्र मांडला: आधी उत्साह, मग घसरण, मग हळूहळू सावरणं. बऱ्याच महाविद्यालयांचं वेळापत्रक अजून त्याच वक्रावर बेतलेलं असतं, म्हणजे पहिल्या आठवड्यात स्वागत आणि मानसिक आरोग्याचं सत्र तिसऱ्या महिन्यात. नंतरच्या अभ्यासांत मात्र अनेकांना सर्वांत जास्त त्रास अगदी सुरुवातीलाच होतो असं दिसलं. उतरल्या दिवसापासून माणूस उपलब्ध हवा.

याचा अर्थ पहिल्याच दिवशी सहा तासांचं मार्गदर्शन ठेवा असा मात्र नाही. विमानप्रवासाने झोप विसकटलेल्या मुलाला विम्याची कलमं वाचून दाखवून काय उपयोग? पहिल्या दिवशी पाचच गोष्टी द्या: चालू सिमकार्ड, खोलीची किल्ली, घरी खुशाली कळवायला इंटरनेट, आणीबाणीचा नंबर आणि एका माणसाचं नाव. खात्याचं नाव देऊ नका, माणसाचंच द्या. बँक, विमा, डॉक्टरकडे नोंदणी हे पहिल्या आठवड्यात. कामाचे नियम आणि परीक्षेतली नक्कल, संदर्भ देण्याची पद्धत वगैरे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, पहिली असाइनमेंट हातात पडते तेव्हा. सहाव्या आठवड्याच्या सुमारास प्रत्येकाला एक फोन. "काही अडचण आहे का?" असं विचारलंत तर "नाही" हेच उत्तर येईल. "झोप किती तास होते? शेवटचं पोटभर जेवण कुणाबरोबर केलंस?" असं विचारा.

बँकेचा फेरा तुम्हाला ठाऊक आहे. बँक पत्त्याचा पुरावा मागते, घरमालक बँकेचं खातं मागतो. तो फेरा महाविद्यालयाच्या पत्राने तुटतो, पण पत्र नीट हवं: पारपत्रावर आहे अगदी तसंच नाव, जन्मतारीख, अभ्यासक्रमाची सुरुवात आणि अखेर, सध्याचा पत्ता. नावाकडे खास लक्ष द्या. ज्यांच्या पारपत्रावर एकच नाव असतं त्यांच्या अमेरिकी व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' छापलं जातं, म्हणजे पहिलं नाव अज्ञात. मग प्रवेश खात्यात एक नाव, विम्यात दुसरं, बँकेत तिसरं. दवाखान्याचं बिल विमा कंपनीकडे जातं आणि अशी व्यक्तीच आमच्याकडे नाही म्हणून परत येतं. पहिल्या आठवड्यात तिन्ही नोंदी शेजारी ठेवून ताडून पाहायला माणशी दहा मिनिटं पुरतात.

आरोग्याबाबत गाडी अडते ती नोंदणीपाशी. ब्रिटनमध्ये विद्यार्थी व्हिसाच्या अर्जाबरोबरच वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार भरतो, आणि पैसे भरले म्हणजे झालं असं समजतो. जीपीकडे, म्हणजे तिथल्या भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायचं राहून जातं आणि ते कळतं १०३ ताप असताना. जिथे खाजगी विमा चालतो तिथे तीन शब्द उदाहरणाने समजावून सांगा: डिडक्टिबल (विमा लागू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम), को-पे (दर भेटीला आपला ठरलेला वाटा) आणि नेटवर्क (विमा कंपनीशी जोडलेले दवाखाने). विद्यार्थ्याला नुसत्या व्याख्यांचा उपयोग नाही, एक नमुन्याचं बिल घ्या आणि कुठली रक्कम कुणी भरायची ते पेनाने दाखवा.

कामाच्या तासांचं गणित देशागणिक बदलतं. अमेरिकेत एफ-१ वर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून पंधरवड्याला ४८ तास. ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला सत्रात २० तास, आणि आठवडा सोमवार ते रविवार धरायचा. तिथे सरासरी चालत नाही. एका आठवड्यात २५ आणि पुढच्यात १५ केले तर पहिल्या आठवड्यातच नियम मोडला. दोन ठिकाणचे तास एकत्र धरले जातात. स्वयंरोजगाराला तिथे मनाईच आहे, त्यामुळे ॲपवरून डिलिव्हरीचं काम हा सापळा ठरतो. आणि एकदा तास जास्त झाले की मालकाच्या हाती दोरी जाते: पगार मागितलास तर तक्रार करीन. मुलगा गप्प बसतो. या विद्यार्थ्याला तुमच्या दारात यायची भीती वाटली, तर ते दार असून नसल्यासारखं आहे.

यावर थोडं थांबते. हजेरी आणि गळती सरकारला कळवणारं टेबल आणि दुःख ऐकणारं टेबल अनेक ठिकाणी एकच असतं. विद्यार्थ्याला हे माहीत असतं. आपण मात्र त्याबद्दल अवाक्षर काढत नाही आणि मग "मुलं येतच नाहीत" म्हणतो. माझं ठाम मत आहे की दोन कामांची माणसं वेगळी हवीत. ते जमत नसेल तर अर्ध्या पानावर, सोप्या भाषेत, आम्ही सरकारला काय कळवतो आणि काय कळवत नाही हे लिहून पहिल्याच भेटीत हातात द्या. पत्ता बदलला, नाव कमी झालं, विषय सुटले हे कळवतो. औदासीन्य, कर्ज, घरचं भांडण, प्रेमभंग यातलं काहीही कळवत नाही. हा कागद दिला की पुढचं बोलणं सुरू व्हायला वाव मिळतो.

समुपदेशनात पहिली तक्रार बहुधा शरीराची असते: डोकं दुखतं, पोट बिघडलंय. दुभाषा लागला तर त्याच देशातला वर्गमित्र बसवू नका, कारण बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या गटात पोचलेली असते. आत्महत्येचा विचार मनात येतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. आणि सुट्टीत विद्यार्थी मायदेशी जाणार असेल तर आधीच पर्याय ठरवा, कारण समुपदेशकाचा परवाना बऱ्याचदा त्या राज्यापुरता किंवा देशापुरताच असतो, सीमेपलीकडे व्हिडिओवर सत्र घेता येत नाही.

आई-वडिलांचे फोन येतात. अमेरिकेत १९७४ च्या फेर्पा या शैक्षणिक नोंदींच्या गोपनीयतेच्या कायद्याने महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या नोंदींवरचा हक्क विद्यार्थ्याचाच असतो. जिवावरच्या प्रसंगी अपवाद आहे. म्हणून प्रवेशाच्या वेळीच विचारून ठेवा: आणीबाणीत कुणाला कळवायचं, त्यांना कोणती भाषा येते, त्यांच्याकडे तेव्हा किती वाजलेले असतात, आणि कुणाला अजिबात कळवायचं नाही.

मृत्यू किंवा मोठा अपघात झाला तर काय, हे कागदावर हवंच. परदेशी विद्यार्थी घेणाऱ्या संस्थांसाठीच्या ऑस्ट्रेलियाच्या २०१८ च्या राष्ट्रीय संहितेत सहावं मानक याची लेखी सक्ती करतं. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार परदेशी नागरिकाचा मृत्यू झाल्यास त्याच्या वकिलातीला कळवणं तिथल्या सरकारी यंत्रणेचं कर्तव्य आहे, पण ती यंत्रणा हलण्याआधी समाजमाध्यमांवर बातमी फुटते. त्यामुळे घरच्यांना कोण सांगणार, कोणत्या भाषेत, हे पहिल्या तासात ठरायला हवं. विम्यात पार्थिव मायदेशी नेण्याचा खर्च आहे का, हे आज पाहून ठेवा. खोलीतल्या वस्तूंची यादी दोघांनी मिळून करायची, दोघांच्या सह्या घ्यायच्या, चार्जर आणि वह्यांसकट. आईला पुढे नेमकी एखादी वही हवी असते.

आणि घरी गेल्यावर एक करा. रात्री दोन वाजता तुमच्या कक्षाचा आणीबाणीचा नंबर स्वतः लावून बघा. किती रिंगनंतर उचलला जातो, पलीकडे माणूस असतो की रेकॉर्ड केलेला आवाज, तो पहिल्यांदा तुमचं नाव विचारतो की विद्यार्थी क्रमांक, आणि नंबर कोणत्या मोबाइलवर वळवलेला आहे. तो मोबाइल ज्यांचा आहे ते अजून नोकरीत आहेत का, हेही बघा.